लाल रेघेखालचे वाक्य : शालेय निबंध, नैतिक धैर्य आणि साने गुरुजी

गेल्या जुलैत माझी भाची वही घेऊन माझ्याकडे आली. ती इथे शिरपुरातच नववीत शिकते. वहीच्या पानावर शाळेने दिलेला विषय होता : 'राजकीय नेत्यांमधील नैतिक धैर्य'. कोणत्याही एका नेत्याविषयी दोनशे शब्द, सोबत चित्र, सोमवारपर्यंत. घरात जुन्या पुस्तकांचा आणि कात्रणांचा ढीग बाळगणारा माणूस मीच, म्हणून असले प्रकल्प माझ्या वाट्याला येतात. एरवी मी चित्र शोधून देतो आणि सुटतो. या वेळी विषयानेच अडवले.

"मामा, शिरीषकुमार चालेल का?" तिने विचारले.

प्रश्न स्वाभाविक होता. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबारमध्ये तिरंगा हातात घेऊन गोळ्या झेलणारा पंधरा वर्षांचा मुलगा खानदेशातल्या मुलांना स्वतःच्या वर्गातला वाटतो. मी म्हणालो, तो शूर होता, पण तो नेता नव्हता, आणि तुझा विषयही जरा वेगळा आहे. "शूर असणं आणि नैतिक धैर्य असणं यात फरक काय?" तिचा पुढचा प्रश्न. मला चटकन उत्तर देता येईना. शेजारी माझी आई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. तिचे वय ऐंशीच्या पुढे, शिक्षण चौथीपर्यंत. मान वर न करता ती म्हणाली, "परकाले बोलनं सोपं रहास, घरनाले बोलनं कठीन."

परक्याला बोलणे सोपे, घरच्याला बोलणे कठीण. नैतिक धैर्याची याहून नेमकी व्याख्या मला कोणत्याही ग्रंथात सापडलेली नाही. शिरीषकुमारसमोर बंदूक होती आणि ती परक्या सत्तेची होती. त्याच्या मागे उभा असलेला सगळा गाव त्याच्या बाजूचा होता. त्याने प्राण दिले. त्याच्या शौर्याला यामुळे जराही कमीपणा येत नाही. पण काही प्रसंग असे असतात की समोर बंदूक नसते, आपलीच माणसे असतात, आणि आपण बोललो तर ती दुखावणार असतात. शाळेने विषय दिला होता तो या दुसऱ्या प्रकारचा. पुढे त्या दोनशे शब्दांचे जे झाले, त्यावरून मला वाटू लागले आहे की हा विषय मांडता येईल अशी जागाच आपल्या शालेय निबंधात उरलेली नाही. हा लेख त्याविषयी आहे.

नेता की मास्तर?

मी तिला साने गुरुजींचे नाव सुचवले. शिरपूरला रेल्वे नाही; महामार्गाने तापी ओलांडून नरडाण्याला जायचे आणि भुसावळकडची गाडी धरायची, की थोड्या वेळात अमळनेर येते. गुरुजी आमच्या शेजारचे. तिने 'श्यामची आई' वाचलेली होती. तरी ती म्हणाली, "पण ते नेते कुठे होते? ते तर शिक्षक होते."

इथे मला पहिला धागा मिळाला. गेली बरीच वर्षे मी रद्दीच्या दुकानांतून शालेय निबंधांची जुनी पुस्तके गोळा करतो. मी पदवीधर नाही. जे काही वाचले ते धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात आणि अमळनेरच्या गुरुजींच्या नावाच्या ग्रंथालयात बसून. निबंधांची ही पुस्तके तिथेही फारशी कोणी ठेवत नाही. त्यांना साहित्य मानण्याची पद्धत नाही. माझ्या मते मात्र मराठी माणसाचे गद्य घडवणारा सर्वांत मोठा वाङ्मयप्रकार हाच आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यात लिहिलेले एकमेव 'साहित्य' म्हणजे शाळेतला निबंध. म्हणून त्याची समीक्षा व्हायला हवी.

या पुस्तकांतले साने गुरुजी ठरलेले असतात : मातृभक्त, हळवे, मुलांना गोष्टी सांगणारे, अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातले आवडते शिक्षक. यातले काहीच खोटे नाही. पण गुरुजी शिक्षक होते ते १९२४ पासून १९३० पर्यंत, म्हणजे सहा वर्षे. नोकरी सोडून ते चळवळीत पडले आणि मग उरलेली वीस वर्षे राजकारणातच राहिले. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती लिहून घेणारे गुरुजी तिथे राजकीय कैदी होते. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरले, त्यासाठी ते खेडोपाडी हिंडले. १९३८ मध्ये त्यांनी अमळनेरहून 'काँग्रेस' नावाचे साप्ताहिक काढले. शेतकरी आणि गिरणी कामगार यांच्यात काम केले, १९४२ मध्ये भूमिगत राहिले, स्वातंत्र्यानंतर समाजवाद्यांबरोबर गेले. या माणसाला 'नेता' म्हणायचे नाही तर कोणाला म्हणायचे? पण निबंधाच्या पुस्तकात 'माझा आवडता नेता' आणि 'माझा आवडता शिक्षक' असे दोन वेगळे खण असतात. गुरुजींना दुसऱ्या खणात टाकले की त्यांचे राजकारण आपोआप बाहेर पडते, आणि राजकारणाबरोबर त्यांचे धैर्यही.

दहा दिवस

मी तिला पंढरपूरची हकीकत सांगितली. ती इथेही थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचा सगळा प्रश्न तिच्यावर उभा आहे.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना बंद होते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, पायरीपाशी. त्यांच्या लेकरांना १९४७ सालीही आत जाता येत नव्हते. हे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषणाचा निश्चय केला. सहकाऱ्यांच्या आग्रहावरून ते काही महिने पुढे ढकलले आणि त्या काळात सेवादलाच्या कलापथकासह ते महाराष्ट्रभर फिरले. गावोगाव सभा झाल्या, कितीतरी गावांतली देवळे आणि पाणवठे खुले झाले. विरोधही झाला. साने यांनी भीमेपलीकडे चालते व्हावे, अशा घोषणा झाल्या. अखेर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात, तनपुरे महाराजांच्या मठात, उपोषण सुरू झाले आणि दहा दिवसांनी, १० मे रोजी, संपले. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली. मंदिर खुले करण्याची तयारी झाली तेव्हाच गुरुजींनी उपोषण सोडले.

एवढे बहुतेक पुस्तकांत असते. बहुधा नसते ते असे : याच प्रकरणात गुरुजींना गांधीजींची तार आली होती. उपोषण करू नये, असा तिचा आशय होता. गांधीजींपर्यंत पोहोचलेली माहिती वेगळी होती. मंदिराचा प्रश्न सुटण्याच्या मार्गावर आहे, उपोषणाचे कारण नाही, असे त्यांना सांगण्यात आले होते. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते आणि मंदिरप्रवेशाचा कायदा त्याच वर्षी झाला, हेही लक्षात घ्यायला हवे. म्हणजे गुरुजींना 'थांबा' म्हणणारे सगळेच सनातनी नव्हते. त्यांच्याच पक्षाचे लोक होते, आणि सर्वांत वर स्वतः गांधीजी होते.

गुरुजी थांबले नाहीत.

या एका गोष्टीचे वजन तोलून पाहावे. ज्या माणसाच्या हाकेवर १९३० मध्ये नोकरी सोडली, ज्याच्यामुळे अंगावर खादी आली, ज्याच्या नावाने तुरुंग भोगले, त्याचीच तार हातात आहे. उपोषण हे हत्यारही त्याच्याचकडून घेतलेले. ते त्याच्या इच्छेविरुद्ध चालवायचे. आणि हे करणारा माणूस म्हणजे निबंधांतला तो हळवा, डोळ्यांत पाणी असलेला मास्तर. बडव्यांविरुद्ध उभे राहायलाही धैर्य लागलेच. पण बडवे विरोध करणार हे ठाऊकच होते. गांधीजी 'नको' म्हणतील, हे त्याहून जड. आईच्या भाषेत सांगायचे तर हे 'घरनाले बोलनं'.

लाल रेघ

भाचीने निबंध स्वतः लिहिला. मी फक्त तारखा तपासल्या. त्यात एक वाक्य असे होते : 'गांधीजींनी तार करून नको म्हटले, तरी गुरुजींनी ऐकले नाही, कारण त्यांना स्वतःचे मन सांगत होते ते बरोबर वाटले.' वाक्यरचना जराशी लंगडी आहे, पण विषयाचे उत्तर म्हणून पूर्ण आहे. दोनशे शब्दांतले बाकीचे एकशे ऐंशी त्या वाक्याची प्रस्तावना होते.

वही परत आली तेव्हा या वाक्याखाली लाल रेघ होती. समासात लिहिले होते : 'थोर व्यक्तींमधील मतभेद लिहू नयेत. जन्म, शिक्षण, मृत्यू हे मुद्दे नाहीत. पुन्हा लिहा.' दहापैकी पाच गुण.

शाळेचे किंवा शिक्षकांचे नाव इथे सांगण्याचे कारण नाही, कारण दोष त्यांचा एकट्याचा नाही. एका तुकडीच्या साठ-सत्तर वह्या तपासणाऱ्या माणसाला मुद्दे मोजावेच लागतात. शिवाय ती लाल रेघ त्यांच्या हाताने ओढली असली तरी ती ओढायला त्यांना शिकवले आहे या वाङ्मयप्रकाराने. माझ्याकडच्या निबंधपुस्तकांतून मी शोधत गेलो तसे दिसत गेले की 'थोर व्यक्तींमधील मतभेद लिहू नयेत' हा कुठेही न छापलेला, पण सगळीकडे पाळलेला नियम आहे.

त्या गद्याचे व्याकरणच पाहा. 'समाजाचा विरोध पत्करून त्यांनी कार्य केले.' कोणत्या समाजाचा? 'अनेक अडचणींना तोंड देत.' कोणी आणलेल्या? 'मंदिर हरिजनांसाठी खुले झाले.' बंद कोणी ठेवले होते? या निबंधांतल्या विरोधाला षष्ठी विभक्ती लागत नाही; तो कोणाचाच नसतो. विरोधक नाव घेऊन येतो तो एकच, इंग्रज. कारण तो निघून गेला आहे आणि वर्गात त्याचे कोणी नातेवाईक बसलेले नसतात. त्यामुळे धैर्य हे परक्यांपुढे दाखवायचे असते, एवढेच मुलांच्या मनावर ठसते. शाळेच्या व्हरांड्यात तसबिरी एका रांगेत, सारख्या उंचीवर, सारख्या हारांसह लावलेल्या असतात. निबंध म्हणजे त्या रांगेचे लिखित रूप. त्या रांगेतली माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, मग भांडणार कुठून? आगरकर टिळकांना विरोध करत नाहीत, आंबेडकर गांधींना प्रश्न विचारत नाहीत, साने गुरुजी तार बाजूला ठेवत नाहीत. आणि मग त्याच निबंधाला आपण विषय देतो : नैतिक धैर्य.

यातली गंमत अशी, की मराठी निबंध जन्मला तोच घरच्यांना बोलण्यासाठी. गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये जी पत्रे लिहिली, त्यांत ब्राह्मण असून ब्राह्मणांवर टीकेचे कोरडे ओढले. ती त्यांनी 'लोकहितवादी' या टोपणनावाने लिहिली, हेही विसरू नये. धैर्यालाही कधी कधी आडोसा लागतो. आगरकरांनी तो आडोसाही घेतला नाही. मतभेदांमुळे १८८७ मध्ये 'केसरी' सोडला, पुढच्या वर्षी 'सुधारक' काढला आणि स्वतःच्या नावाने, स्वतःच्या शहरात, स्वतःच्या जातीला बोलत राहिले. त्यांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ ची. तिचे टोक बऱ्याचदा सुधारकांकडे होते, पण तीही भांडणाचीच जागा होती. म्हणजे एके काळी निबंध हा वादाचा प्रकार होता. शाळेत आल्यावर तो वंदनाचा प्रकार झाला. वंदन वाईट नव्हे. पण वंदनाच्या भाषेत धैर्याचा इतिहास लिहिता येत नाही, कारण हात जोडलेल्या माणसाला एकाच वेळी दोघांचे म्हणणे ऐकता येत नाही.

दुसरी बाजू

इथवर मी भाचीची बाजू घेतली. पण तिच्या निबंधातही, म्हणजे मी तिला सांगितलेल्या हकीकतीतही, एक उणीव होती, आणि ती माझ्या लक्षात उशिरा आली. त्यात ज्यांच्यासाठी मंदिर उघडले ते लोक कुठेच बोलत नव्हते.

डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. तो काही वर्षे चालला. देवाचे दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला बाबासाहेबांनी सांगितले की आपण हिंदू म्हणून मरणार नाही. म्हणजे पंढरपूरच्या उपोषणाआधी जवळपास बारा वर्षे त्यांनी मंदिरप्रवेशाचा प्रश्न मागे टाकला होता. उपोषणाच्या मार्गाविषयीही त्यांचे मत प्रसिद्ध आहे. १९३२ मध्ये येरवड्याच्या उपोषणापुढे त्यांना स्वतंत्र मतदारसंघ सोडावे लागले होते. मग १९४७ च्या उपोषणाकडे त्या बाजूने पाहिले तर काय दिसते? ज्यांना आत यायचे आहे की नाही हेच नीट विचारले नाही, त्यांच्यासाठी दार उघडण्याचा अट्टहास?

हा आक्षेप टाळून गुरुजींचे धैर्य मोठे करता येत नाही. पण त्याला सामोरे गेल्यावर ते धैर्य नेमके कशाचे होते, हे जास्त स्पष्ट होते. गुरुजी अस्पृश्यांना काही 'देत' नव्हते. ते सवर्ण होते आणि सवर्णांकडे मागत होते. ते उपोषण आपल्याच घराच्या दारात बसून आपल्याच माणसांना लाजवण्यासाठी होते. म्हणून 'गुरुजींनी हरिजनांना मंदिर मिळवून दिले' हे निबंधांतले लाडके वाक्य चूक आहे. आपल्या लोकांनी लावलेली कडी त्यांनी आपल्या लोकांकडून काढून घेतली, एवढेच म्हणता येते. तेवढे पुरेसे आहे.

आणि हे धैर्य त्यांच्या अंगी उपजत नव्हते. 'श्यामची आई'त मोळीवाल्या महार म्हातारीचा प्रसंग आहे. तिची मोळी पडते. उचलून डोक्यावर द्यायला कोणी पुढे होत नाही. आई श्यामला जायला सांगते, लोक काय म्हणतील याची त्याला धास्ती वाटते, आणि आईच वाट काढून देते : घरी आल्यावर अंघोळ कर. आज हा प्रसंग भूतदयेचा धडा म्हणून वाचला जातो. मला तो एका तडजोडीचा प्रामाणिक दस्तऐवज वाटतो. माणुसकीही राखायची आणि आळीतल्या लोकांनाही दुखवायचे नाही, तर मधे अंघोळ. त्या अंघोळीपासून पंढरपूरच्या मठापर्यंतचे अंतर तीस-पस्तीस वर्षांचे आहे. १९४७ मध्ये गुरुजींनी मधली अंघोळ काढून टाकली. निबंधात द्यायचे 'बालपणीचे संस्कार' द्यायचेच असतील तर ते असे द्यावेत : संस्कार कुठपर्यंत घेऊन गेले, आणि कुठून पुढे त्या माणसाला एकट्याने चालावे लागले.

टाळ्या कोणी वाजवल्या?

मग नैतिक धैर्य ओळखायचे कसे? मुलांच्या उपयोगाची एक साधी कसोटी मला सुचते. निर्णयाच्या दुसऱ्या दिवशी टाळ्या कोणी वाजवल्या?

१९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडले. दिल्लीत बसून हे करणे सोपे नव्हते. पण महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. ते ज्यांच्यातले होते, त्यांच्याच टाळ्या पडल्या. १९५१ च्या सप्टेंबरात डॉ. आंबेडकरांनी कायदेमंत्रिपदाचा राजीनामा दिला. कारणे अनेक होती, त्यांतले एक ठळक कारण रखडलेले हिंदू कोड बिल. त्या बिलाचा लाभ मुख्यतः हिंदू स्त्रियांना व्हायचा होता, म्हणजे ज्यांतल्या बहुतेकजणी त्यांच्या पक्षाच्या मतदार नव्हत्या आणि ज्यांच्या घरचे पुरुष त्यांच्यावर संतापलेले होते. दुसऱ्या दिवशी टाळ्या वाजवायला फार कोणी नव्हते. दोन्ही राजीनामे आदरणीय आहेत. पण कसोटी लावली की त्यांची जात वेगळी दिसते, आणि हा फरक नववीतल्या मुलीला सहज कळतो. मी तिला विचारून पाहिले आहे.

याच विषयावरचे जगभर गाजलेले पुस्तक अमेरिकेतले आहे. जॉन केनेडी सिनेटर असताना, १९५६ मध्ये, त्यांचे 'प्रोफाइल्स इन करेज' प्रसिद्ध झाले. स्वतःच्या पक्षाची, मतदारांची नाराजी ओढवून घेणाऱ्या आठ सिनेटरांची ती चरित्रे. म्हणजे कसोटी आमच्या आईचीच. पुस्तकाला पुलित्झर मिळाले. त्याच्या लेखनात त्यांचे सहायक सोरेन्सन यांचा वाटा मोठा होता, हेही पुढे उघड झाले. पण मला त्यातली वेगळी गोष्ट सतावते. डिसेंबर १९५४ मध्ये सिनेटने मॅकार्थी यांच्यावर ठपका ठेवला. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून माणसांना आयुष्यातून उठवणारे हे गृहस्थ केनेडी कुटुंबाच्या घरोब्यातले, आणि केनेडींच्या मतदारांतही लोकप्रिय. त्या वेळी केनेडी पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे रुग्णालयात होते. रुग्णालयातूनही आपले मत नोंदवण्याची सोय होती. त्यांनी ते कोणत्याच बाजूने नोंदवले नाही. आणि त्याच आजारपणात दुसऱ्यांच्या धैर्यावरचे ते पुस्तक आकाराला आले.

धैर्याविषयी लिहिणे आणि धैर्य दाखवणे यांत किती अंतर असते, हे मला दूरच्या उदाहरणावरून शिकण्याची गरज नव्हती.

आमच्या घरात

भाचीने निबंध पुन्हा लिहिला. मुद्दे भरायला तिने एका तयार निबंधाची मदत घेतली. तारेचे वाक्य गेले. त्या जागी आले : 'गांधीजींच्या आशीर्वादाने गुरुजींनी उपोषण केले.' दहापैकी नऊ गुण मिळाले. वही मला दाखवून ती म्हणाली, "मामा, हे खोटं आहे ना?"

आधीचे वाक्य खोडले तेव्हा निबंध अपुरा झाला होता. आता तो उलटा झाला. मी म्हणालो, हो, खोटे आहे. "मग तू सरांना सांगशील?"

मी गेलो नाही. सबबी आहेत. बहीण म्हणाली, जाऊ दे दादा, तिला अजून दोन वर्षे तिथेच काढायची आहेत. ते शिक्षक ओळखीचे आहेत, भले आहेत, माझ्या लेखांची कात्रणे जपून ठेवणाऱ्या गावातल्या मोजक्या माणसांपैकी आहेत. त्यांना परक्यासारखे जाऊन सांगता आले असते तर सोपे होते. ते घरचे आहेत, तिथेच अडले.

आणि खरे सांगायचे तर एक वाक्य मीही खोडले होते. समासातल्या शेऱ्यात 'मृत्यू' हा मुद्दा नसल्याची तक्रार होती. तो नव्हता, कारण हकीकत सांगताना मीच तो गाळला होता. ११ जून १९५० रोजी साने गुरुजींनी स्वतःच्या हाताने आयुष्य संपवले. चौदा वर्षांच्या मुलीला हे कसे सांगावे, ते मला सुचले नाही, म्हणून मी उपोषण सुटल्यावर गोष्ट थांबवली. शाळेला दोन थोर माणसांतला मतभेद नको होता. मला एका थोर माणसाचे आतून मोडणे नको होते. दोघांनाही तसबीर अखंड हवी होती. पंढरपूरच्या त्या दहा दिवसांचे मोल या शेवटाने कमी होत नाही. पण धैर्यवान माणसे आतून दगडाची असतात, अशी समजूत करून घेऊन मुले मोठी झाली, तर स्वतःला भीती वाटली की ती एवढेच म्हणतील, हे काम आपले नव्हे. ती समजूत पसरवण्यात माझाही हात लागला.

पुढे तिला सांगितले. आईने जवळ बसून सांगायला मदत केली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्यांना कोणाशी बोलता आलं नसेल का?" याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते, पण प्रश्न विचारला गेला हे बरे झाले.

या सगळ्यातून शाळांसाठी माझी एकच सूचना निघते, आणि ती फार मोठी नाही. निबंधाचे मुद्दे राहू द्यावेत. जन्म, शिक्षण, कार्य, मृत्यू, सगळे. त्यांत एक मुद्दा वाढवावा : या निर्णयाने त्यांच्या जवळचे कोण दुखावले, आणि त्यांचे म्हणणे काय होते? एवढे लिहायला लावले की विरोधाला षष्ठी लागेल, तसबिरी बोलू लागतील, आणि तार पाठवणाऱ्या गांधीजींनाही त्यांचे कारण मिळेल. मतभेद लिहिल्याने थोर माणसे लहान होत नाहीत. ती एकमेकांच्या मापाने मोजली जातात, आणि बहुतेक वेळा दोघेही मोठे ठरतात.

लेख लिहून झाल्यावर आईला वाचून दाखवला. तिने सगळा ऐकला. मग तिने एवढेच विचारले, मास्तरांना भेटलास का? अजून नाही, मी म्हणालो. हा अंक वाचकांच्या हातात पडेल तेव्हा शाळेला दिवाळीची सुट्टी असेल.